हातात राहील अशी लेन्स : पक्ष्यांसाठी हलकी टेलिफोटो निवडताना

ओढ्याच्या पाण्यावर झुकलेल्या एका वाळक्या फांदीसमोर मी पाऊण तास बसून होते. त्या फांदीवर खंड्या येतो, हे आधीच्या दोन दिवसांत पाहून ठेवले होते. कॅमेऱ्याला तीन किलोंहून जड अशी एक लेन्स लावलेली होती, आणि जागा चिखलाची व अरुंद असल्यामुळे ट्रायपॉड उभा करता येत नव्हता. म्हणून डावे कोपर गुडघ्यावर टेकवून मी सगळा भार हातावर तोलून धरला होता. पहिली काही मिनिटे काहीच जाणवले नाही. मग मनगटाच्या वरचा स्नायू थरथरू लागला, व्ह्यूफाइंडरमधली फांदी वर-खाली हलू लागली, आणि शेवटी मी लेन्स मांडीवर टेकवून हात मोकळा केला. खंड्या नेमका तेव्हाच आला. त्याने मान एकदा खाली-वर केली, पाण्यात सूर मारला, मासा घेऊन फांदीवर परतला, तो दोनदा फांदीवर आपटला आणि गिळून उडून गेला. मी लेन्स पुन्हा डोळ्यापर्यंत नेईपर्यंत फांदी नुसती हलत होती.

त्यानंतर लेन्सच्या वजनाकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागले. प्रवासात पिशवी जड होते, खांदा दुखतो, ही कारणे खरीच आहेत. पण पक्ष्यांच्या छायाचित्रणात वजनाचा खरा हिशेब ‘लेन्स किती वेळ डोळ्याशी स्थिर राहते’ असा मांडायला हवा. पक्षी वेळ सांगून येत नाही, आणि आलाच तर त्याची महत्त्वाची हालचाल दोन-तीन सेकंदांत आटोपते. त्या सेकंदांत लेन्स उचललेली असली तर तिच्या काचेचा उपयोग. म्हणूनच या लेखात हलक्या टेलिफोटो लेन्सचा विचार करताना मी दोन गोष्टी सतत शेजारी-शेजारी ठेवणार आहे : हाताला मिळणारा आराम, आणि त्या आरामाच्या बदल्यात आपण सोडून देत असलेला प्रकाश.

टेलिफोटो लेन्स जड का होते, हे समजून घेतले की निवडीचा अर्धा गोंधळ संपतो. फोकल लेंग्थला (५०० मि.मी. सारख्या, लेन्स दूरचे किती जवळ आणते ते सांगणाऱ्या आकड्याला) अ‍ॅपर्चरच्या आकड्याने (एफ/४ मधल्या ४ ने) भागले की प्रकाश आत घेणाऱ्या खिडकीचा व्यास मिळतो, आणि लांब टेलिफोटोमध्ये पुढची काच निदान तेवढी मोठी असावीच लागते. ५०० मि.मी. एफ/४ लेन्समध्ये हा व्यास १२५ मि.मी. येतो, तर ५०० मि.मी. एफ/५.६ मध्ये सुमारे ८९ मि.मी. फरक एकाच स्टॉपचा आहे, म्हणजे प्रकाश निम्मा होतो. पण काच रुंदीबरोबर जाडीतही वाढत असल्यामुळे वजनातला फरक त्याहून मोठा पडतो. निकॉनची ५०० मि.मी. एफ/४ई एफएल ३०९० ग्रॅमची आहे, आणि त्याच कंपनीची २०१८ साली आलेली ५०० मि.मी. एफ/५.६ई पीएफ १४६० ग्रॅमची. एक स्टॉप प्रकाश सोडला की दीड किलोहून अधिक भार उतरतो. हा सौदा पटतो की नाही, हे आपण कोणत्या उजेडात आणि कोणत्या पक्ष्यांमागे फिरतो यावर ठरते.

यातल्या ‘पीएफ’ म्हणजे ‘फेज फ्रेनेल’ या अक्षरांविषयी थोडे थांबून सांगायला हवे, कारण हलक्या लेन्सची चर्चा बहुधा तिथूनच सुरू होते. फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८२० च्या दशकात दीपगृहांसाठी अशी भिंगे घडवली, की ज्यांत जाड भिंगाऐवजी एकात एक वर्तुळाकार कड्या असत आणि काच पुष्कळ कमी लागे. आजच्या फेज फ्रेनेल लेन्समध्ये काचेच्या पृष्ठभागावर अतिशय सूक्ष्म समकेंद्री खाचा असतात आणि त्या प्रकाशाला विवर्तनाने वळवतात. साधे भिंग रंग ज्या क्रमाने फाकवते त्याच्या उलट क्रमाने हा घटक ते फाकवतो. दोन्ही एकत्र बसवले की रंगदोष एकमेकांना खोडतात, दुरुस्तीसाठी लागणाऱ्या इतर काचा कमी होतात आणि लेन्सची लांबीही घटते. कॅननने हेच तत्त्व ‘डीओ’ या नावाने २००१ सालच्या ४०० मि.मी. एफ/४ लेन्समध्ये वापरले होते. निकॉनची २०१५ सालची ३०० मि.मी. एफ/४ई पीएफ तर अवघ्या ७५५ ग्रॅमची आहे आणि लांबीला पंधरा सेंटिमीटरसुद्धा भरत नाही.

या रचनेची एक किंमतही आहे. चित्राच्या चौकटीत किंवा तिच्या अगदी कडेला प्रखर प्रकाशबिंदू असेल, उदाहरणार्थ पाण्यावर सूर्याचे कवडसे चमकत असतील, तर त्यांच्याभोवती कडीसारखी झळाळी दिसू शकते. पाणपक्ष्यांचे विरुद्ध प्रकाशातले फोटो हाच ज्यांचा मुख्य आवडीचा विषय आहे, त्यांनी अशा प्रसंगाचे फोटो स्वतः काढून पाहिल्याशिवाय निर्णय घेऊ नये. मला मात्र इतक्या वर्षांत ही अडचण मोजक्या वेळाच आडवी आली आहे, आणि तेव्हाही चार पावले बाजूला सरकून प्रश्न सुटला आहे.

हलकेपणाचे सगळे श्रेय या खाचांना देणेही बरोबर होणार नाही. सिग्माची २०२४ साली आलेली ५०० मि.मी. एफ/५.६ लेन्स फेज फ्रेनेलशिवाय बनवलेली आहे आणि तरीही तिचे वजन सुमारे १३७० ग्रॅम आहे. निकॉनची झेड माउंटची (माउंट म्हणजे कॅमेऱ्याला लेन्स जोडण्याची जागा) ४०० मि.मी. एफ/४.५ हीसुद्धा पीएफ नाही. कॉलर, म्हणजे लेन्स ट्रायपॉडला जोडण्याचे कडे, वगळून ती ११६० ग्रॅम भरते. म्हणजे वजनाचा मोठा वाटा शेवटी त्या पुढच्या खिडकीच्या व्यासाचाच असतो, आणि कोणत्याही लेन्सची जाहिरात वाचताना मी आधी तो व्यास मनातल्या मनात काढते.

लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर छोटी लेन्सही मोठ्या लेन्सइतकाच प्रकाश देते, हा एक जुना गैरसमजही हाच व्यास दूर करतो. मायक्रो फोर थर्ड्स या लहान सेन्सरवर ३०० मि.मी. लेन्स लावली की चित्राची चौकट फुल-फ्रेम या मोठ्या सेन्सरवरच्या ६०० मि.मी. इतकी अरुंद होते, हे खरे आहे. पण ऑलिम्पसच्या ३०० मि.मी. एफ/४ प्रो लेन्सची खिडकी ७५ मि.मी. व्यासाची आहे, आणि निकॉनच्या झेड ६०० मि.मी. एफ/६.३ पीएफची सुमारे ९५ मि.मी. क्षेत्रफळांचे गुणोत्तर काढले तर दुसरी लेन्स त्याच पक्ष्याकडून येणारा प्रकाश सुमारे १.६ पट गोळा करते. कॉलर काढून पहिलीचे वजन १२७० ग्रॅम आहे आणि दुसरीचे १३९० ग्रॅम. मग लहान सेन्सरचा फायदा काय राहिला? पुष्कळ राहिला, पण तो वेगळ्या जागी आहे. पॅनासॉनिकची १००–४०० मि.मी. झूम ९८५ ग्रॅमची आहे, ऑलिम्पसची ७५–३०० मि.मी. ४२३ ग्रॅमची, चारशे ग्रॅमच्या लेन्समधून ६०० मि.मी.ची चौकट मिळवण्याचा दुसरा कोणताही मार्ग मला माहीत नाही. दिवसभर डोंगर चढणाऱ्याला, मनगट किंवा मान अधू असलेल्याला, अथवा गळ्यात दुर्बीण आणि खांद्यावर कॅमेरा असे दोन्ही बाळगणाऱ्याला ही व्यवस्था अगदी योग्य आहे. फक्त पहाटेच्या अंधूक उजेडात तिच्याकडून मोठ्या काचेचे काम होणार नाही, हे आधीच जाणून ती घ्यावी.

अंधूक उजेडाचा हिशेब प्रत्यक्ष आकड्यांत मांडून पाहावा. पंख पसरून वळणारी घार किंवा सूर मारणारा खंड्या गोठवायचा तर शटर स्पीड १/२००० सेकंदाच्या आसपास लागतो. ज्या उजेडात एफ/४ ला आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) १६०० पुरतो, त्याच उजेडात एफ/५.६ ला ३२००, एफ/८ ला ६४०० आणि एफ/११ ला १२८०० आयएसओ लागेल. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर ३२०० मी निश्चिंतपणे वापरते, ६४०० ला पिसांचे बारीक तपशील थोडे मऊ झालेले दिसतात, आणि १२८०० ला चित्रातला नॉइज (दाणेदारपणा) काढायच्या सॉफ्टवेअरवर बराच भरवसा ठेवावा लागतो. फांदीवर स्वस्थ बसलेल्या पक्ष्यासाठी १/२५० सेकंदही चालतो, त्यामुळे तिथे हीच तक्रार उरत नाही. आपल्याला उडते पक्षी अधिक हवे आहेत की बसलेले, या एका उत्तराने लेन्सची निवड कितीतरी सोपी होते.

एफ/६.३, एफ/७.१ किंवा एफ/९ पर्यंत अरुंद होत जाणाऱ्या लेन्स आज इतक्या का दिसतात, यामागे कॅमेऱ्यातला बदल आहे. डीएसएलआरमधली, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यांमधली, ऑटोफोकसची यंत्रणा साधारणपणे एफ/५.६ पर्यंतच्या प्रकाशशलाकांसाठी आखलेली असे, काही कॅमेऱ्यांत निवडक बिंदूंवर एफ/८ पर्यंत. त्यापुढे फोकस चाचपडे आणि व्ह्यूफाइंडरही अंधारे. आरसा नसलेल्या मिररलेस कॅमेऱ्यात फोकस सेन्सरवरच होतो आणि पडद्यावरचे चित्र उजळून दाखवता येते, त्यामुळे रचनाकारांना अरुंद आणि म्हणून हलक्या लेन्स बनवण्याची मोकळीक मिळाली. कॅननच्या आरएफ माउंटवर हे स्पष्ट दिसते : १००–५०० मि.मी. एफ/४.५–७.१ कॉलरशिवाय १३६५ ग्रॅम, १००–४०० मि.मी. एफ/५.६–८ तर केवळ ६३५ ग्रॅम. २०२० सालच्या ६०० मि.मी. एफ/११ आणि ८०० मि.मी. एफ/११ या दोन लेन्स अनुक्रमे ९३० आणि १२६० ग्रॅमच्या आहेत; मात्र त्यांचे अ‍ॅपर्चर एफ/११ वर कायम असते, आणि सर्वांत जवळचा फोकस अनुक्रमे साडेचार आणि सहा मीटरवर असतो. लख्ख उन्हात, लांबच्या चिखलणीवर बसलेल्या पक्ष्यांसाठी त्या मोठ्या कामाच्या आहेत. दाट झाडीत मी त्या नेणार नाही.

माझी एक मैत्रीण त्यातली सहाशे पस्तीस ग्रॅमची झूम वापरते, आणि तिचे फोटो पाहताना माझे मत पुष्कळ बदलले आहे. ती उन्हे चढल्यावर निघते आणि ओळखीच्या एकाच पाणवठ्यापाशी तासन् तास थांबते. पक्षी तिला सरावतात. तिच्या एका फोटोत शिंजिराच्या चोचीच्या टोकाला चिकटलेले परागकण मोजता येतात, कारण पक्षी तिच्यापासून दोन-अडीच मीटरवर होता आणि तिची लेन्स एवढ्या जवळ फोकस करू शकते. जवळच्या फोकसचे हे अंतर माहितीपत्रकात अगदी खाली छापलेले असते आणि ते वाचायचे राहून जाते. कॅननची १९९३ सालची ४०० मि.मी. एफ/५.६एल ही १२५० ग्रॅमची जुनी, स्थिरीकरण नसलेली लेन्स उडत्या पक्ष्यांसाठी आजही अनेकांच्या आवडीची आहे, पण ती साडेतीन मीटरच्या आत फोकस करत नाही. झेड ६०० मि.मी. एफ/६.३ साठी हे अंतर चार मीटर आहे, तर ३०० मि.मी. पीएफसाठी १.४ मीटर. पक्ष्यांबरोबर फुलपाखरे, चतुर आणि सरडेही टिपायचे असतील तर हा आकडा वजनाइतकाच महत्त्वाचा ठरतो.

अंतराचा प्रश्न निघालाच आहे, तर फोकल लेंग्थच्या हव्यासाबद्दलही बोलू. चिमणीएवढा, १५ सें.मी. लांबीचा पक्षी दहा मीटरवर असेल, तर ४०० मि.मी. लेन्समधून सेन्सरवर त्याची प्रतिमा सुमारे ६.३ मि.मी. पडते, ५०० मि.मी. मधून ७.९ आणि ६०० मि.मी. मधून ९.६. फुल-फ्रेम सेन्सर २४ मि.मी. उंच असतो, हे लक्षात घेतले तर तिन्ही लेन्समध्ये तो पक्षी चौकट भरत नाही. आता ४०० मि.मी. घेऊन तीन मीटर पुढे सरका. सात मीटरवरून तीच प्रतिमा सुमारे ९ मि.मी. होते, म्हणजे जवळजवळ ६०० मि.मी. इतकी. हलकी लेन्स हातात असली की ते तीन मीटर रांगत, थांबत, पक्ष्याला न बुजवता कापता येतात. जड लेन्स आणि ट्रायपॉड घेऊन ते सहसा जमत नाही. याचा अर्थ पक्ष्याच्या अंगावर जावे असा मुळीच नाही. घरट्याजवळ आणि पिलांपाशी अंतर राखायचेच असते, आणि तिथे लांब लेन्सला पर्याय नाही. शिवाय लांबचा पक्षी लांब लेन्सने टिपताना मधली हवा आडवी येते. दुपारी तापलेल्या जमिनीवरून साठ-सत्तर मीटरवरचा पक्षी घेतला तर उत्तमातली उत्तम काचही पिसे दाखवत नाही, सगळे पाण्याखालून पाहिल्यासारखे विरघळते.

उडत्या पक्ष्यासाठी तर फार लांब लेन्स सुरुवातीला अडचणच करते. ६०० मि.मी. मधून फुल-फ्रेमवर कर्णरेषेत जेमतेम चार अंशांचे दृश्य दिसते, ४०० मि.मी. मधून सहा अंशांहून थोडे अधिक. आकाशात भरारणारा पक्षी चार अंशांच्या खिडकीत सापडायला सराव लागतो. इथे झूमची सोय मोठी आहे : आधी रुंद चौकटीत पक्षी शोधायचा आणि मग जवळ आणायचा. पण झूम फिरवताना नळी पुढे सरकणारी लेन्स असेल तर तोलही पुढे सरकतो, आणि डाव्या हाताला प्रत्येक वेळी नवी जागा शोधावी लागते. सोनीची २००–६०० मि.मी. आणि निकॉनची झेड १८०–६०० मि.मी. या लेन्समध्ये झूम आतल्या आत होते, तोल जवळजवळ हलत नाही. मात्र वजन दोन किलोंच्या आसपास आणि लांबी कायमची तेवढीच. माझ्या हाताला दीड किलोच्या पुढची कोणतीही लेन्स दिवसभर झेपत नाही, म्हणून मी झूमची सोय सोडून प्राइम, म्हणजे एकाच फोकल लेंग्थची लेन्स, निवडली. ज्यांचे खांदे माझ्यापेक्षा बळकट आहेत त्यांनी या दोन झूम जरूर पाहाव्यात.

स्थिरीकरणाबद्दल थोडक्यात सांगते. ते आपल्या हाताचा कंप आवरते, पक्ष्याची हालचाल नाही. १/२००० सेकंदाला त्याचा फोटोवर फारसा परिणाम होत नाही. परंतु व्ह्यूफाइंडरमधले चित्र शांत राहते, फोकसचा चौकोन पक्ष्याच्या डोळ्यावर टिकवता येतो आणि बराच वेळ पाहूनही डोळे थकत नाहीत. लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसून फोकल लेंग्थ वाढवणाऱ्या टेलिकन्व्हर्टरचाही असाच स्पष्ट हिशेब आहे : १.४ पटीचा एक स्टॉप घेतो, दुप्पटीचा दोन. ३०० मि.मी. एफ/४ ला पहिला लावला की ४२० मि.मी. एफ/५.६ मिळते आणि एकूण वजन किलोच्या आतच राहते. ती जोडी मला मनापासून आवडते. एफ/६.३ किंवा त्याहून अरुंद लेन्सला दुप्पटीचा जोड लावण्यात मात्र मला अर्थ दिसत नाही.

माहितीपत्रकातले वजन वाचताना ते कॉलरसह आहे की कॉलरशिवाय, हे तपासायला हवे. दोन लेन्सची तुलना करताना एकीचे सह आणि दुसरीचे विना असे आकडे शेजारी ठेवले तर निष्कर्ष चुकतो. हूड आणि कॅमेऱ्याची बॉडीही त्यात मिळवावी, कारण बॉडीच सहाशे ग्रॅमपासून तेराशे-चौदाशे ग्रॅमपर्यंत काहीही असू शकते. आणि एकूण ग्रॅम सारखे असले तरी पुढच्या बाजूला जड असलेली लेन्स मागच्या बाजूला जड असलेल्या लेन्सपेक्षा मनगटाला लवकर थकवते. लेन्स घेण्याआधी घरीच एक अंदाज घेता येतो : कापडी पिशवीत एक-एक लिटरच्या पाण्याच्या दोन बाटल्या घालून ती डाव्या हाताने डोळ्याच्या उंचीवर, शरीरापासून थोडी पुढे धरून पाहावी. किती मिनिटांनी हात खाली येतो, ते लक्षात ठेवावे, मग एक बाटली काढून पुन्हा धरावी.

प्रत्यक्ष लेन्स एखाद्या दिवसासाठी हाती मिळाली, तर मी तिची परीक्षा अशी घेते. सकाळी, हवा तापण्यापूर्वी, दहा मीटरवर एक ठरावीक वस्तू निवडते. सालीवर बारीक रेषा असलेले झाडाचे खोड उत्तम. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडे, शटर १/२५० सेकंद, हात कुठेही न टेकवता उभ्याने दहा फोटो घेते. मग अर्धा तास नेहमीसारखी फिरते, दिसतील त्या पक्ष्यांवर लेन्स धरते, वाट पाहते, आणि परत त्याच जागी उभी राहून त्याच खोडाचे दहा फोटो घेते. घरी आल्यावर संगणकावर पहिले दहा आणि शेवटचे दहा पूर्ण आकारात शेजारी-शेजारी उघडते. पहिल्या दहांत लेन्सची काच कळते. शेवटच्या दहांपैकी पाच-सहा हललेले निघाले, तर ती काच कितीही चांगली असली तरी माझ्या हातासाठी ती लेन्स जड आहे, असे मी समजते आणि परत करते.